आक्का, टोप्यांच्या दिवशी मामा का आले होते

आक्का,

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले, आणि या अकरा दिवसांत घरात कुणी माझी एकही चूक काढलेली नाही. परवा मी उलटा सदरा घालून दोन तास ओसरीवर बसलो होतो. भेटायला येणारे माझ्याकडे बघत, दुःखात आहे बिचारा असं मनात म्हणत आणि पाणी पिऊन जात. तू असतीस तर दारातूनच ओरडली असतीस, "बापू, सदरा उलटा हाये बे! मास्तर हायेस का बुजगावणं?" शेवटी संध्याकाळी तुझ्या भावजयीनं, शांतानं हळूच सांगितलं. आपली शांता हळू बोलायला लागली, यावरूनच घर किती रिकामं झालंय ते समज.

येणारा प्रत्येक जण थोडं रडून झालं की एकच मागतो. "गुरुजी, ते टोप्याईची गोष्ट सांगा ना." मी सांगतो. घरातल्या गोष्टी सांगायचं काम माझ्याकडेच आहे, कारण दुसरं कुठलंच काम मला धड जमत नाही असं घराचं मत आहे. चार वेळा सांगून झाली. चौथ्या वेळी शेजारच्या म्हातारीला हसता हसता ठसका लागला, आणि सुतकाच्या घरात लोकांना हसवतो म्हणून मलाच चार शब्द ऐकवून ती गेली. पण मी सांगतो त्या गोष्टीत एक जागा गाळलेली आहे. गेली दहा-अकरा वर्षं मी ती सफाईनं गाळत आलो, तुझ्यासमोरसुद्धा. आज ती जागा भरतो. तू मध्येच बोलून मला अडवू शकत नाहीस, एवढाच काय तो माझा फायदा.

बुलढाण्याला राहून, बालवाडीचं शिक्षण घेऊन तू अमडापूरला परत आलीस तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि कुंकू पुसून तुला माहेरी येऊन पंधरा. त्या पंधरा वर्षांत तू आईचं दुखणं काढलंस, माझी दोन्ही पोरं मोठी केलीस, आणि मला रोज वेळेवर शाळेत धाडलंस, जे आईलाही कधी जमलं नव्हतं. मग एक दिवस मी जेवत असताना म्हणालीस, "बापू, मी लहान पोट्ट्याईची शाळा काढून राह्यली."

मी म्हणालो, "काऊन? घरात काय कमी आहे तुला?"

"कमी काहीच नाही रे. पन मले तुह्या चुलीपाशी म्हातारं नाही व्हायचं."

शांता चुलीपाशीच बसली होती. तिनं भाकरी उलटली. मला मात्र फार लागलं. चूल माझी होती ना! मी आयुष्यात ती एकदाही पेटवली नव्हती, ही गोष्ट वेगळी.

बुलढाण्यानं तुला चित्रांचे तक्ते दिले होते. कापसाच्या जुन्या गोदामाच्या ओसरीवर पहिल्याच दिवशी तू तक्ता टांगलास आणि विचारलंस, "हा कोन हाये सांगा?" चित्रात एक गोरापान, गुबगुबीत पोस्टमन सायकलवर बसून हसत होता. पोरं एका आवाजात ओरडली, "नवरदेव!" चूक त्यांची नव्हती. आपल्या टपालवाल्या गणपतकाकांकडे सायकल नव्हती, आणि त्यांना हसताना तर त्यांच्या बायकोनंही पाहिलं नव्हतं. तू तक्ता गुंडाळून ठेवलास. म्हणालीस, "खाकी टोपी कोनाची?" तर सगळी पोरं म्हणाली, "गनपतकाकाची!"

तिथून तुझी वाट सुरू झाली. तू म्हणायचीस, "आपल्या गावात मानूस दुरून येते तवा पयले त्याचं डोक्शं दिसते, थोबाड मागून येते. मंग शिकवाले डोक्शापासूनच सुरू केलं पायजे." माझी जुनी वर्तमानपत्रं, ज्वारीच्या पिठाची खळ, हळद, नीळ, गेरू एवढ्या भांडवलावर तू महिनाभरात सगळं गाव बनवलंस. टपालवाल्याची टोपी, कोतवालाचा पटका, एस.टी.च्या ड्रायव्हरची टोपी, बाजारातल्या हमालाचं मुंडासं, मेंढरं वळणाऱ्याची खोळ. सकाळी सगळी डोकी एका टोपल्यात. पोरानं डोळे मिटून हात घालायचा, येईल ते डोक्यावर चढवायचं आणि दिवसभर ते काम करायचं. टपालवाला झालेलं पोर कडुलिंबाचं पान घेऊन घरोघर जायचं, आणि ज्याचं त्याच्याच हातात द्यायचं. सासूचं सुनेला दिलं तर परत पाठवायचीस तू.

मी तुला अडवायला बघायचो. "आणि पाणी भरणारीला कुठली टोपी असते?" तू चिंध्यांची चुंबळ काढून दाखवलीस. "झाडणारीला?" तू धुळीसाठी डोक्याला गुंडाळायचं फडकं काढलंस. पाटलांच्या नातवाच्या हाती एकदा ते फडकं आलं. त्यानं ओसरी झाडली ती झाडली, घरी जाऊन आजोबांना भर दुपारी बाजेवरून उठवून बाजेखालचंही झाडलं. पाटील तुझ्याकडे आले नाहीत. माझ्याकडे आले.

"मास्तर, तुमची बहीन आमच्या पोट्ट्याले झाडू माराले शिकवून राह्यली."

मी मान खाली घातली. तू आतून विचारलंस, "चांगलं झाडलं का पन?"

"झाडलं तं चांगलं होतं," पाटील म्हणाले आणि निघून गेले. पण शाळेत मास्तर मंडळी मला चिडवायची, की गुरुजी, तुमच्या घरात दोन शाळा आहेत, एक अकलेची आणि एक टोप्यांची. मला रात्रंदिवस वाटायचं, लोक म्हणत असतील, बहिणीला घरात पोटभर मिळत नाही म्हणून ती गोदामात बसते. आक्का, तू मला लोकांचं ऐकू नको म्हणायचीस. लोक काही म्हणतच नव्हते गं. ते सगळं मीच म्हणत होतो.

आणि मग कळलं की सोमवारी पंचायत समितीचे साहेब बालवाडी बघायला येणार. त्यांनी हो म्हटलं तर बालवाडी सरकारी यादीत जाणार आणि तू तिची नेमलेली बाई होणार. नाही म्हटलं तर दिवाळीला ओसरी गोदामाच्या मालकाला परत, आणि तू परत चुलीपाशी. तुझं सगळं त्या एका सोमवारावर येऊन थांबलं होतं. त्या आठवड्यात तू जेवायचीसही उभ्यानं.

आता ती गाळलेली जागा इथून सुरू होते. उंद्रीच्या मामांना मी पत्र टाकलं होतं. तुझं लग्न त्यांनीच जमवलं होतं, त्याचं ओझं त्यांच्या मनावर होतं, आणि त्यांचा शब्द तू खाली पडू देत नव्हतीस. त्यांनी येऊन तुला समजवावं, साहेबांसमोर नाही म्हणायला लावावं, हा माझा बेत. पण हे कागदावर लिहायची लाज वाटली. म्हणून एवढंच लिहिलं, 'आक्काच्या कामासाठी सोमवारी पहिल्या गाडीनं निघून या.'

सोमवारी सकाळी तू ओसरीचं दार उघडलंस, तर आत शेजारच्या सकीनाबीची बकरी. खळीची चव तिला फारच आवडली असावी. टपालवाला, ड्रायव्हर, हमाल, सगळे तिनं खाल्ले होते. कोतवालाचा निम्मा पटका तिच्या तोंडातून लोंबत होता. सकीनाबी धावत आली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "या अल्ला! पूरा गाव खा गई कमबख्त!"

दुसरी कुणी असती तर रडली असती. तू टोपलं उचललंस आणि ज्यांच्या टोप्या होत्या त्यांच्याकडेच गेलीस. "काका, टोपी द्या. दुपारी परत देते."

गणपतकाका म्हणाले, "सरकारी टोपी हाये बाई."

"सायेबबी सरकारीच हाये. द्या."

दिली. कोतवालानं पटका दिला. चहावाल्यानं दिली, हमालानं दिलं. ज्यांच्या टोपीला घरात कुणी हात लावत नसे त्यांनी स्वतःच्या हातानं टोपल्यात घातली. शेवटी तू माझ्याकडे आलीस आणि माझ्या डोक्यावरची खळ घातलेली पांढरी टोपी काढलीस. "तुह्यीबी पायजे. मास्तरबी काम करते, असं सांगतलं हाये मी लेकराईले."

मी तसाच उघड्या डोक्यानं मोटारथांब्यावर गेलो. तुझ्याआधी मामांना गाठायचं होतं. थांब्यावर गणपतकाका टपालाची थैली घ्यायला आलेले, कोतवाल, चहावाला आणि हमाल. पाच माणसं, पाचही बोडकी. गाडी थांबली. मामा पायरीवर आले आणि पायरीवरच थिजले. बाप्या माणूस आपल्याकडे चव्हाट्यावर उघड्या डोक्यानं उभा राहतो तो एकाच कारणानं, घरातलं कुणी गेलं तर. त्यात मी अगदी पुढे, आणि त्यांच्या खिशात माझं पत्र.

मामांनी स्वतःचा फेटा काढला आणि हंबरडा फोडला. "गेली का रे माह्यी बाई! बापू, मले काऊन उशिरा कळवलं रे!"

मामा तरुणपणी कुस्त्या खेळलेले. त्यांनी मला छातीशी धरलं ते असं, की माझं नाक त्यांच्या बंडीत रुतलं. "मामा, नाही हो" असं मी म्हणत होतो, पण बाहेर "उं उं" एवढंच येत होतं, आणि त्यानं मामांना आणखी भरून येत होतं. गाडीतल्या बाया उतरल्या आणि कोण गेलं हे न विचारताच पदर तोंडाला लावून बसल्या. तासाभरापूर्वी ज्यांनी तुझ्या हातात टोपी दिली होती, ते गणपतकाका डोळे पुसत म्हणाले, "आत्ता तं चांगली होती हो! टोपी घेऊन गेली माह्यी!"

तेवढ्यात साहेबांची जीप आली. साहेब पुण्याकडचे. ते उतरले, "काय झालं?" विचारलं. कुणीतरी म्हणालं, "बालवाडीची बाई गेली." साहेबांनी डोक्यावरची हॅट काढली. ते माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "फार वाईट झालं, गुरुजी. दुसरी बाई मिळणार नाही इथे. प्रकरण बंद करावं लागेल. तसं लिहू का?"

मी गोष्ट सांगतो तेव्हा या वेळी मामांच्या छातीत अडकलेलाच असतो. लोक इथेच हसतात. खरं तर तोवर मामांनी मला सोडलं होतं. माझं तोंड मोकळं होतं. आणि मी बोललो नाही.

जीपच्या ड्रायव्हरनं बिडी पेटवली आणि दोन झुरके मारले, तेवढा वेळ मी गप्प होतो. माझ्या मनात आलं, लिहू दे. मामांना काही बोलावं लागणार नाही, मला वाईट व्हावं लागणार नाही, सगळं आपोआप मिटेल. तू घरी राहशील, शांताला मदतीचा हात मिळेल, शाळेत कुणी चिडवणार नाही. साहेबांनी पेन उघडलं होतं. माझी सख्खी मोठी बहीण पन्नास पावलांवर जिवंत होती, आणि मी तिला मेलेली राहू देत होतो. यात मला हसू येईल असं काही सापडतं का, म्हणून दहा वर्षं शोधलं. नाही सापडलं.

रडणं ऐकून तू आलीस. मागे वीसेक पोरं, प्रत्येकाच्या डोक्यावर भली मोठी टोपी, नाकापर्यंत उतरलेली. मामांनी तुला पाहिलं. तोंड उघडंच राहिलं. "तू... तू जित्ती हायेस वं?"

"हाव," तू म्हणालीस. "मामा, रडायचं असंन तं आत येऊन रडा. लेकरं भेऊन राह्यले."

मामा खाली बसले. तुझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "माय, तुले जे करायचं ते कर. पन जित्ती राह्य." त्यांना मी कशासाठी बोलावलं होतं ते त्यांनी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

साहेब आत आले. हातातली हॅट त्यांनी टोपल्याच्या काठावर ठेवली, आणि चार वर्षांच्या एका पोरीनं ती लगेच उचलली. "हे कोनाची?"

"माझी," साहेब म्हणाले.

"तू काय काम करतं?"

"मी... बघतो."

"काय बघतं?"

"लोक काम करतायत की नाही, ते."

पोरीनं विचार केला. "आमचा आजा करते ते," म्हणाली. साहेब इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. त्यांचं लक्ष मग कोपऱ्यात गेलं. तिथे माझी पांढरी टोपी घातलेलं एक पोर भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून घोरत होतं. "हा आजारी आहे का?" साहेबांनी विचारलं. पोरं म्हणाली, "नाही, तो मास्तर हाये."

साहेबांनी तिथल्या तिथे होकार लिहिला. मी त्यांना चहा नेऊन दिला तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. इतकं आनंदी मी तुला त्याआधी पाहिलं नव्हतं. लग्नातसुद्धा नाही.

आणि मग तू जन्मभर सगळ्यांना सांगत राहिलीस, "बापूनं त्या दिवशी मामाले खास बोलावलं. मामाचा आशीर्वाद पायजे म्हनून." दर वेळी मी चहाच्या कपात बघायचो. तुला ठाऊक होतं का, आक्का? अंथरुणाला खिळलीस तेव्हा एकदा विचारणार होतो. तू डोळे उघडून म्हणालीस, "काय बघतं बे? बोल ना." मी म्हणालो, "पाणी देऊ का?" तू पाणी प्यायलीस. तहान नव्हती तुला.

आपलं भांडणही तसंच राहिलं. मी म्हणायचो, टोप्या घालून अक्षर येत नाही. तू म्हणायचीस, अक्षर नुसतं येऊन चालत नाही, ते कोणासाठी लिहायचं तेही यावं लागतं. तुझी पोरं पुढे माझ्या चौथीत आली. मी फळ्यावर निबंधाचा विषय लिहिला की त्यातलं एखादं विचारायचं, "गुरुजी, हे कोनाले पाठवायचं?" मी म्हणायचो, कुणालाच नाही. ते हिरमुसायचं. पुढे पुढे मी खरंच पत्रं लिहून घ्यायला लागलो. विहिरीवरच्या बाईला, हमालाला, गणपतकाकांना. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटणाऱ्या गणपतकाकांना पहिलं पत्र माझ्या वर्गानं पाठवलं. तुला मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भांडण तू जिंकली असतीस, आणि मग आपण संध्याकाळी काय केलं असतं?

काल ग्रामपंचायतीत तुझी नोंद करायला गेलो. नवा कारकून आहे, सभ्य आहे. त्यानं मोठी वही उघडली आणि पेन चालवत एकेक रकाना भरायला लागला. नाव, वय, गाव. मी शेजारी बसून वाचत होतो. 'धंदा' या रकान्यात त्यानं मला न विचारता लिहिलं, 'घरकाम'.

मी म्हणालो, "हे खोडा."

तो म्हणाला, "गुरुजी, बायाईचं तेच लिवतो आपन. कोनी पाह्यत नाही."

"मी बघतोय. खोडा आणि लिहा, बालवाडी शिक्षिका."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "खोडलं तं बाजूले सही लागन. चूक झाली होती म्हनून. सांगनाऱ्याची."

"मीच सांगतोय," म्हणालो. "द्या इकडे."

त्यानं एक सरळ रेघ मारली, वर नवे शब्द लिहिले आणि वही माझ्याकडे वळवली. चूक झाली होती म्हणून मी सही केली, आक्का. पूर्ण नाव लिहिलं. शाई वाळेपर्यंत पान उघडं धरून बसलो.